७७ लाख, एक कोटी की १.५९ कोटी? कॅनडातल्या खेळांच्या टीव्ही प्रेक्षकसंख्येबद्दल

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत, म्हणून आधी ते सुटे करते. तुम्ही पुण्यात मीडियाचं शिक्षण घेताय, प्रोजेक्टसाठी कॅनडातल्या खेळांच्या प्रसारणाचा विषय घेतलाय आणि पहिल्याच आकड्याला अडलाय. २०१९ च्या एनबीए (बास्केटबॉलची लीग) फायनल्समधली सहावी मॅच, जी जिंकून टोरांटो रॅप्टर्स विजेते झाले, ती कॅनडात किती जणांनी पाहिली? एका बातमीत ७७ लाख, दुसरीत एक कोटी, तिसरीत १.५९ कोटी. यातला खरा कोणता, हा पहिला प्रश्न. बास्केटबॉलला एवढी माणसं जमतात, तर रॉजर्स ही कंपनी हॉकीवर (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची आइस हॉकी) अब्जावधी डॉलर का ओतते, हा दुसरा. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की हॉकीची कॉमेंट्री पंजाबीत होते, मग मराठीत का नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: तिन्ही खरे. मोजलेल्या गोष्टी तीन आहेत, आणि बातमी लिहिणाऱ्याने आपण कुठली उचलली ते सांगितलं नाही. मी टोरांटोत मीडिया प्लॅनर आहे. जाहिरातदाराचे पैसे कुठल्या वाहिनीवर, कुठल्या मॅचमध्ये, कितव्या ब्रेकला लावायचे हे ठरवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे हे आकडे मी विकत घेणाऱ्याच्या नजरेने बघते, आणि पुढचं सगळं त्याच बाजूने लिहिलंय. वाहिनीत काम करणारा कदाचित वेगळं सांगेल.

मंगल कार्यालयातलं लग्न डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आठशे माणसं येऊन गेली. कुणी मुहूर्ताला आलं, कुणी थेट जेवायला, कुणी पाकीट देऊन पाच मिनिटांत परत. दर मिनिटाला डोकी मोजून सरासरी काढली तर ती तीनशे भरेल. आणि मंगलाष्टकांच्या वेळी हॉलमध्ये साडेचारशे असतील. 'लग्नाला किती माणसं होती?' या प्रश्नाला तिन्ही उत्तरं चालतात. केटररला एक हवं असतं, यजमानाला फुशारकी मारायला दुसरं.

टीव्हीच्या भाषेत आठशे म्हणजे रीच, तीनशे म्हणजे सरासरी मिनिट प्रेक्षक, ज्याला सगळे एएमए म्हणतात, आणि साडेचारशे म्हणजे पीक. रॅप्टर्सच्या त्या मॅचची एएमए ७७ लाख होती. पीक सुमारे एक कोटीचं, मॅच संपत आली तेव्हाचं. आणि थोडा वेळ का होईना, ज्यांनी ती पाहिली असे १.५९ कोटी, म्हणजे देशातल्या दर १०० माणसांमागे ४४. मी पैसे मोजते ते एएमएवर, कारण माझी तीस सेकंदांची जाहिरात कुठल्यातरी एका मिनिटाला लागणार असते आणि त्या मिनिटाला समोर साधारण किती माणसं असतील एवढंच मला कळायला हवं. रीचचा मलाही उपयोग होतो, पण तो अख्ख्या कॅम्पेनचा हिशोब करताना. एका मॅचचा रीच बहुधा प्रेस नोटच्या मथळ्यासाठी असतो.

भारतातून बघताना एक चौथा आकडा डोक्यात असतो, तोही बाजूला ठेवा. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारने ५.९ कोटी सांगितले होते. ते एकाच वेळी चालू असलेल्या स्ट्रीम्सचं पीक. त्यात एका स्क्रीनपुढे चार माणसं बसली तरी मोजणी एकाचीच, आणि ती सर्व्हरवरून झालेली. कॅनडातला टीव्हीचा आकडा पॅनेलवरून काढलेला असतो आणि माणसांचा असतो. दोन्ही एका रकान्यात टाकलेत तर परीक्षक तुमचा प्रोजेक्ट तिथेच परत करतील.

आता हे पॅनेल काय ते नीट बघा, कारण अर्धी गंमत इथे आहे. कॅनडात मोजणी नूमेरिस करते. वाहिन्या, जाहिरात कंपन्या आणि जाहिरातदार यांची मिळून चालवलेली ही संस्था. २०१४ पर्यंत तिचं नाव बीबीएम कॅनडा होतं. पॅनेलमधल्या घरांतल्या माणसांना एक छोटं यंत्र दिलेलं असतं, साधारण जुन्या पेजरएवढं, आणि ते दिवसभर अंगावर बाळगायचं असतं. वाहिन्यांच्या आवाजात कानाला ऐकू न येणारा एक कोड मिसळलेला असतो. यंत्र तो कोड ऐकतं आणि कुठली वाहिनी किती मिनिटं कानावर पडली याची नोंद ठेवतं. भारतात टीव्ही प्रेक्षक मोजणारी बार्क ही संस्थाही आवाजातल्या वॉटरमार्कवरच चालते. फरक इतकाच की तिथे मीटर घरातल्या टीव्हीला जोडलेला असतो, इथे तो माणसाबरोबर फिरतो.

खेळांच्या बाबतीत या फिरण्याने फार मोठा फरक पडला. मित्राच्या घरी, स्पोर्ट्स बारमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये पाहिलेली मॅच पूर्वी हिशोबात येतच नव्हती. हे यंत्र देशभर आलं २००९ च्या शरद ऋतूत, आणि त्यानंतर खेळांचे आकडे एकदम वर गेले. त्याच नोव्हेंबरमध्ये कॅनेडियन फुटबॉलच्या (हा चेंडू हातात घेऊन खेळायचा, आपला फुटबॉल नव्हे) ग्रे कप फायनलला, मॉन्ट्रियल विरुद्ध सस्कॅचेवन, ६१ लाखांची एएमए मिळाली. मॅच थरारक होती यात वाद नाही, शेवटच्या किकवर निकाल फिरला. पण आदल्या वर्षाच्या आकड्याशेजारी तो ठेवून 'कॅनेडियन फुटबॉलची लोकप्रियता अचानक वाढली' असं लिहिणं चूक. मोजपट्टीच बदलली होती. तुम्ही १९९० च्या दशकातले आकडे २०१० नंतरच्या आकड्यांशी एका आलेखात जोडणार असाल, तर २००९ वर ठळक उभी रेघ मारा आणि खाली कारण लिहा.

या यंत्राला एक मर्यादाही आहे. ते ऐकतं, बघत नाही. बारमध्ये सहा स्क्रीनवर मॅच चालू आहे पण आवाज बंद आणि वर गाणी लावलेली, तर पॅनेलमधल्या गिऱ्हाइकाची नोंद शून्य. उलट, स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या माणसाच्या कानावर बाहेरच्या खोलीतली मॅच पडत असेल तर तो प्रेक्षक. याची झळ किती बसते ते मॅचवर अवलंबून आहे. फायनलला आवाज सगळीकडे चढलेला असतो, मंगळवारच्या साध्या मॅचला नसतो.

सकाळी आमच्याकडे येतो तो अहवाल कसा दिसतो तेही सांगते, म्हणजे मूळ तक्ता हाताशी आलाच तर गोंधळ होणार नाही. डावीकडे कार्यक्रम, मग वाहिनी, वेळ, आणि रकान्यावर लिहिलेलं असतं एएमए आणि कंसात तीन शून्यं. म्हणजे आकडा हजारांत. तिथे ७,७०० दिसलं की ते ७७ लाख. शेजारी वयोगट असतात: 'दोन वर्षांवरील सर्व', मग १८ ते ३४, मग २५ ते ५४. पेपरात छापून येतो तो पहिला, ज्यात आजीच्या मांडीवरचं तीन वर्षांचं नातवंडही धरलेलं असतं. व्यवहार होतो बहुतेक वेळा २५ ते ५४ वर. मॅचच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा प्राथमिक असतो. रेकॉर्ड करून नंतर पाहिलेलं धरून सुधारलेला आकडा पुढे येतो. मालिकांमध्ये ही तफावत मोठी असते, खेळांत किरकोळ. शिळी मॅच बघतंय कोण!

आणि मिलियनचं कोटीत रूपांतर करताना एक शून्य इकडचं तिकडे होतं, ते तपासा. तुमच्या प्रश्नातल्या यादीत २०१० च्या ऑलिंपिक हॉकी फायनलला १६.६ कोटी लिहिलंय. एवढी माणसं या देशातच नाहीत. तो आकडा १.६६ कोटी आहे.

त्या मॅचपाशी जरा थांबू, कारण तोच इथला डोंगरमाथा आहे. २८ फेब्रुवारी २०१०, व्हँकुवर, कॅनडा विरुद्ध अमेरिका, ओव्हरटाइममध्ये सिडनी क्रॉसबीचा गोल. देशाची लोकसंख्या तेव्हा ३.४ कोटींच्या आसपास, एएमए १.६६ कोटी. म्हणजे दर मिनिटाला सरासरी निम्मा देश. रीच २.६५ कोटी, लोकसंख्येच्या जवळजवळ ८० टक्के. कॅनडाच्या टीव्हीवर एवढा प्रेक्षक जमल्याची दुसरी नोंद नाही. पण हा आकडा वाचताना वाहिन्या मोजा. त्या ऑलिंपिकचे हक्क सीटीव्ही ही वाहिनी आणि रॉजर्स यांनी मिळून घेतले होते, त्यामुळे मॅच इंग्रजी, फ्रेंच आणि इतर भाषांच्या कितीतरी वाहिन्यांवर एकाच वेळी लागली होती आणि १.६६ कोटी ही त्या सगळ्यांची बेरीज आहे. त्याशेजारी २०११ ची स्टॅनले कप (एनएचएल या हॉकी लीगचं विजेतेपद) फायनलची सातवी मॅच ठेवा, व्हँकुवर विरुद्ध बॉस्टन. तिचा सुमारे ८७ लाखांचा जो आकडा सगळीकडे सापडतो तो एकट्या सीबीसी या सार्वजनिक वाहिनीचा आहे. फ्रेंच प्रसारण त्यात नाही.

वाहिन्यांच्या या गुंत्याची दुसरी बाजू म्हणजे ज्या मॅच देशभर दिसतच नाहीत. एनएचएलच्या मॅच दोन प्रकारांत विकल्या जातात. शनिवारची 'हॉकी नाइट इन कॅनडा' किंवा प्लेऑफ हे राष्ट्रीय हक्क, ते देशभर दिसतात. बाकीच्या बऱ्याच मॅच त्या त्या संघाच्या प्रदेशापुरत्या. व्हँकुवर कनक्सची प्रादेशिक मॅच ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनमध्ये दिसेल, टोरांटोतल्या माणसाला त्याच वाहिनीच्या जागी पाटी दिसेल. इथे नव्याने आलेला प्रत्येक जण पहिल्या हिवाळ्यात हे बघून चिडतो: वर्गणी भरलीय आणि मॅच काळी! तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की प्रादेशिक मॅचच्या दोन-अडीच लाखांची तुलना राष्ट्रीय मॅचच्या दहा-बारा लाखांशी करून 'कनक्स लोकप्रिय नाहीत' असा निष्कर्ष काढायचा नाही.

घड्याळही धरा. या देशात सहा टाइम झोन आहेत आणि न्यूफाउंडलंडचं घड्याळ शेजाऱ्यांपेक्षा अर्धा तास पुढे. टोरांटोत संध्याकाळी सात वाजता सुरू झालेली मॅच सेंट जॉन्समध्ये साडेआठला आणि व्हँकुवरमध्ये दुपारी चारला लागते. म्हणून शनिवारी दोन मॅच पाठोपाठ असतात. पहिली पूर्वेच्या संघाची, दुसरी टोरांटोच्या दहाच्या ठोक्याला, म्हणजे पश्चिमेच्या सातला. दुसरीचे आकडे नेहमी कमी, कारण देशातली जास्त माणसं पूर्वेकडे राहतात आणि ती झोपायला निघालेली असतात. एडमंटनचा संघ कितीही चांगला खेळू दे, नेहमीच्या शनिवारी त्याला टोरांटोच्या संघाएवढा प्रेक्षक मिळणं अवघड, आणि त्याचं निम्मं कारण घड्याळ.

क्वेबेक तर स्वतंत्रच बाजार आहे. तिथे फ्रेंच पॅनेलचे आकडे वेगळे छापले जातात, वाहिन्या वेगळ्या, आरडीएस १९८९ पासून आणि टीव्हीए स्पोर्ट्स २०११ पासून, आणि मॉन्ट्रियल कॅनेडियन्स जिंकतायत की हरतायत यावर सगळं ठरतं. 'कॅनडाचा आकडा' म्हणून जे छापून येतं त्यात फ्रेंच धरलंय की नाही हे दर वेळी तपासावं लागतं. मी सुद्धा तपासते.

नियम बदलला की आकडा कसा बदलतो याचं सुपर बोलपेक्षा (अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगची फायनल) चांगलं उदाहरण मला माहीत नाही, ते प्रोजेक्टमध्ये जरूर घ्या. कॅनडात अमेरिकी वाहिन्याही केबलवर दिसतात. एकच कार्यक्रम एकाच वेळी अमेरिकी आणि कॅनेडियन वाहिनीवर लागला, तर केबलवाल्याने अमेरिकी वाहिनीच्या जागीसुद्धा कॅनेडियन सिग्नल दाखवायचा, अशी इथे १९७० च्या दशकापासूनची पद्धत आहे. म्हणजे तुम्ही फॉक्स लावलं तरी जाहिराती सीटीव्हीच्या दिसतात आणि प्रेक्षक सीटीव्हीच्या खात्यात जमा होतो. सुपर बोलमधल्या अमेरिकी जाहिरातीच बघायच्या असतात, म्हणून लोकांची तक्रार होती. सीआरटीसी या नियामक संस्थेने ती ऐकून सुपर बोलपुरती ही पद्धत २०१७ पासून बंद केली. सीटीव्हीची मालक कंपनी बेल, तिच्या वाहिन्यांची एएमए २०१६ मध्ये ७३.२ लाख होती, २०१७ मध्ये ती ४४.७ लाखांवर आली. ३९ टक्के घट! कॅनडात फुटबॉल कुणाला नकोसा झाला होता? अजिबात नाही. तीच माणसं तीच मॅच फॉक्सवर बघत होती. बेल आणि एनएफएल कोर्टात गेले, डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२० च्या सुपर बोलला जुनी पद्धत परत आली. हा इतिहास माहीत नसलेला माणूस त्या तीन वर्षांतला खड्डा बघून भलतीच कारणं शोधत बसेल.

स्ट्रीमिंगबद्दल थोडक्यात. २०२४-२५ पासून सोमवारच्या राष्ट्रीय इंग्रजी मॅच प्राइम व्हिडिओवर गेल्या. एमएलएस ही लीग (हा मात्र आपला फुटबॉल) २०२३ पासून ॲपलकडे. हे लोक आपापल्या सोयीने आकडे सांगतात किंवा सांगतच नाहीत. टीव्ही आणि स्ट्रीमिंगची एकत्र मोजणी नूमेरिस करू लागलंय, पण आधीच्या वर्षांच्या आकड्यांना ती सलग जोडता येत नाही. तुमच्या प्रोजेक्टची मुदत लक्षात घेता टीव्हीपुरतंच ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा.

आता दुसरा प्रश्न, पैशांचा. रॉजर्सने नोव्हेंबर २०१३ मध्ये एनएचएलचे कॅनडातले राष्ट्रीय हक्क १२ वर्षांसाठी ५.२ अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतले, २०१४-१५ च्या मोसमापासून. १९५२ पासून ज्या सीबीसीवर शनिवारचं हॉकी लागायचं तिच्याकडून ते गेलं. गेलं म्हणजे पडद्यावरून नाही: शनिवारी सीबीसीवर मॅच अजूनही दिसते, पण निर्मिती रॉजर्सची, जाहिराती रॉजर्सच्या आणि त्यांचं उत्पन्नही रॉजर्सचं. माझ्यासारखीने शनिवारचा स्लॉट घ्यायचा तर सौदा रॉजर्सशी करायचा. मग एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी पुढच्या १२ वर्षांचा करार जाहीर केला, २०२६-२७ पासून, ११ अब्ज डॉलरचा. वर्षाला सरासरी ४३ कोटी डॉलरवरून जवळजवळ ९२ कोटींवर.

तुम्ही म्हणता, बास्केटबॉलच्या एका मॅचला ७७ लाख मिळत असतील तर हॉकीला एवढे पैसे का? कारण ती एक मॅच होती. देशातल्या एकुलत्या एका एनबीए संघाचं पहिलं विजेतेपद, जूनमधली एक रात्र. एरवी जानेवारीतल्या बुधवारी रॅप्टर्स बघायला त्याचा छोटा तुकडाही नसतो. हॉकीत कॅनडाचे सात संघ, प्रत्येकाच्या नेहमीच्या मोसमात ऐंशीच्या वर मॅच, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ रोज कुठेतरी काहीतरी. बाहेर उणे वीस तापमान असताना माणसं घरात असतात आणि टीव्ही चालू असतो. जाहिरातदाराला एका रात्रीचा विक्रम विकत घेता येत नाही, कारण तो विक्रम होणार हे आधी कुणाला माहीत नसतं. मी सप्टेंबरमध्ये अख्ख्या हिवाळ्याचं प्लॅनिंग करते, तेव्हा मला हॉकीच्या शनिवारचा अंदाज बांधता येतो. या अंदाजालाच किंमत आहे. (कायद्यानेही हॉकी हा इथला राष्ट्रीय हिवाळी खेळ आहे, १९९४ पासून. उन्हाळ्याचा राष्ट्रीय खेळ लॅक्रॉस, आणि त्याचे टीव्ही हक्क घ्यायला कुणी अब्ज डॉलर घेऊन रांगेत उभं नाही.)

जाहिरातींपेक्षा मोठं कारण वर्गणी. स्पोर्ट्सनेट (रॉजर्सची) आणि टीएसएन या वाहिन्या प्रत्येक केबल ग्राहकाकडून दरमहा पैसे घेतात, त्याने मॅच बघितली की नाही याच्याशी संबंध नाही. स्पोर्ट्स वाहिन्यांच्या उत्पन्नात हा वाटा जाहिरातींहून मोठा असतो. शिवाय रॉजर्स मोबाइल, इंटरनेट आणि केबल विकते. टीएसएनची मालक बेलही तेच विकते. हॉकीचे हक्क हातात असले की ग्राहक धरून ठेवायला एक खुंटी मिळते. त्यातच टोरांटो ब्लू जेज हा बेसबॉल संघ रॉजर्सचा, आणि १ जुलै २०२५ पासून मेपल लीफ्स (टोरांटोचा हॉकी संघ) आणि रॅप्टर्स ज्या कंपनीचे आहेत तिचे ७५ टक्के शेअर्सही रॉजर्सकडे. बेलचा हिस्सा त्यांनी ४.७ अब्ज डॉलरला घेतला. संघ त्यांचा, वाहिनी त्यांची, घरातली केबल त्यांची. अशा कंपनीच्या हॉकीच्या कराराचा हिशोब फक्त प्रेक्षकसंख्येला भागून लागत नाही.

याच कारणाने प्रेस नोट वाचताना सावध राहा. आकडा नूमेरिसचाच असतो, खोटा नसतो, पण एएमए सांगायची की पीक की रीच, ही निवड ज्याचा माल आहे त्याची. मथळ्यात रीच दिसला की मी दुसऱ्या परिच्छेदात सरासरी शोधते, आणि ती नसेल तर तक्ता उघडते.

सौदा फायद्याचा ठरतो का, हे मात्र परिस्थितीवर आहे, आणि ती कुणाच्या हातात नसते. स्टॅनले कप जिंकलेला शेवटचा कॅनेडियन संघ म्हणजे १९९३ चा मॉन्ट्रियल. २०१६ मध्ये सातपैकी एकही संघ प्लेऑफमध्ये पोचला नाही. कराराचं ते दुसरंच वर्ष होतं. एप्रिल ते जून हा सगळ्यात महागडा काळ, आणि देशातला निम्मा रस बर्फाबरोबर वितळून गेला. उलट २०२४ आणि २०२५ मध्ये एडमंटन लागोपाठ दोनदा फायनलला गेला. नवा करार २०२५ च्या वसंतात झाला याकडे त्या संदर्भातही बघा. आणि १ नोव्हेंबर २०२५ ला ब्लू जेज वर्ल्ड सिरीजची (बेसबॉलची फायनल) सातवी मॅच अकरा इनिंगपर्यंत खेळून हरले, ती शनिवारी रात्री, ऐन हॉकीच्या वेळेला. सरासरी एक कोटीच्या पुढे गेली. म्हणजे हॉकी सोडून दुसरं काही एवढं जमवू शकत नाही हेही खरं नाही. फक्त ते रोज जमवता येत नाही.

प्रोजेक्टचा तक्ता करताना प्रत्येक आकड्यापुढे हे रकाने ठेवा: एएमए, पीक की रीच, कुठल्या वाहिन्यांची बेरीज, इंग्रजी, फ्रेंच की दोन्ही, राष्ट्रीय की प्रादेशिक, तारीख आणि पूर्वेकडची वेळ, प्राथमिक की सुधारित. ज्या आकड्याचे पहिले दोन रकाने भरता येत नाहीत तो वगळा. यादी आखूड होईल, होऊ द्या.

राहिली पंजाबी कॉमेंट्री. २००८ मध्ये सीबीसीने ती सुरू केली. कॉमेंटेटर हरनारायण सिंग तेव्हा कॅलगरीत राहायचे आणि कॉमेंट्रीसाठी विमानाने टोरांटोला यायचे, सुरुवातीला स्वतःच्या खर्चाने. पुढे ती रॉजर्सच्याच ओम्नी वाहिनीवर गेली. २०१६ च्या स्टॅनले कप फायनलमध्ये निक बोनिनोच्या गोलवर त्यांनी 'बोनिनो, बोनिनो, बोनिनो' असा जो धोशा लावला तो अमेरिकेतही गाजला. ही कॉमेंट्री टिकण्यामागे भाषाप्रेम आहेच, पण हिशोबही आहे. हक्क रॉजर्सचे, वाहिनी रॉजर्सची, चित्र तयार असतंच. जास्तीचा खर्च कॉमेंट्रीच्या खोलीपुरता. दुसऱ्या बाजूला ब्रॅम्प्टन (टोरांटोजवळ) आणि सरे (व्हँकुवरजवळ) या शहरांत एकवटलेला, लाखांच्या घरातला पंजाबी प्रेक्षक, आणि त्याच्यापर्यंत पोचायला उत्सुक असलेले गाडीवाले, घरं विकणारे, वकील, सोनार. मराठी माणसं इथे त्या मानाने फार थोडी आणि टोरांटोशेजारच्या मिसिसागापासून कॅलगरीपर्यंत विखुरलेली. इतक्या लहान गटाचा भरवशाचा आकडा कुठलंही पॅनेल देऊ शकत नाही. आकडा नाही तर मी जाहिरातदाराला काय दाखवणार? आवाजाचा दुसरा ट्रॅक स्ट्रीमिंगवर स्वस्तात जोडता येतो, त्यामुळे उद्या कुणी हौसेने मराठीत केली तर तांत्रिक अडचण येणार नाही. पण प्रायोजक आधी शोधावा लागेल, आणि तो बहुधा मिसिसागातला एखादा मराठी घर-एजंटच असेल.